जगज्जेता कोण? शर्यतींच्या दुनियेतले सहा गैरसमज

दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास क्रीडापानांवर शर्यतींच्या जगज्जेत्यांची यादी येते. ती वाचताना वाटते, सगळ्यांनी एकाच प्रकारे बाजी मारली असणार. प्रत्यक्षात प्रत्येक मालिकेचे नियमपुस्तक वेगळे, त्यामुळे जेतेपदाचा हिशेबही वेगळा. 2014 चा मोसम हे समजून घ्यायला फार सोयीचा आहे. फॉर्म्युला वनमध्ये लुईस हॅमिल्टन, मोटारसायकलींच्या मोटोजीपीत मार्क मार्केझ, रॅलीत सेबास्टियन ओजिए ही त्या वर्षीची ठळक नावे. पण त्याच वर्षाच्या गुणतालिका नीट पाहिल्या, की काही रूढ समज टिकत नाहीत.

गैरसमज 1 : सर्वाधिक शर्यती जिंकेल तोच जगज्जेता.

वस्तुस्थिती : मार्क मार्केझच्या बाबतीत हे खरे ठरले. मोसमातल्या पहिल्या दहाच्या दहा शर्यती त्याने जिंकल्या आणि एकूण विजय 13 झाले. त्याचा धाकटा भाऊ अ‍ॅलेक्स मोटारसायकलींच्याच मोटोथ्री गटाचा जगज्जेता झाला, तो मात्र केवळ 3 विजयांवर. प्रतिस्पर्धी जॅक मिलरने 6 शर्यती जिंकल्या होत्या, तरी शेवटचा आकडा 278 विरुद्ध 276 असा अ‍ॅलेक्सच्या बाजूने लागला. पडझड टाळून सातत्याने गुण जमवणे त्याला तारून गेले. अमेरिकेतल्या नॅस्करमध्ये तर रायन न्यूमन एकही शर्यत न जिंकता शेवटच्या चौघांत पोहोचला आणि उपविजेता ठरला. त्या वर्षी तिथे बाद फेऱ्यांची नवी पद्धत आली होती. सर्वाधिक 6 विजय मिळवणारा ब्रॅड केसेलोव्स्की आधीच बाद झाला आणि जेतेपद केविन हार्विककडे गेले.

गैरसमज 2 : प्रत्येक शर्यतीला गुण सारखेच.

वस्तुस्थिती : 2014 मध्ये फॉर्म्युला वनने अबू धाबीच्या अखेरच्या शर्यतीला दुप्पट गुण ठेवले होते. विजेत्याला 25 ऐवजी 50. त्या शर्यतीआधी हॅमिल्टन संघसहकारी निको रोझबर्गच्या 17 गुणांनी पुढे होता. रोझबर्ग जिंकला असता, तर नेहमीच्या गुणपद्धतीत हॅमिल्टनला सहावा क्रमांकही पुरला असता, कारण बरोबरी झाली तरी जास्त विजय त्याच्याच नावावर होते. दुप्पट गुणांमुळे त्याला किमान दुसरे येणे भाग होते. प्रत्यक्षात रोझबर्गची गाडी बिघडली आणि हॅमिल्टनने शर्यत जिंकून 384 विरुद्ध 317 असा निकाल लावला. टीका इतकी झाली की हा नियम पुढच्याच वर्षी गुंडाळला गेला.

गैरसमज 3 : 'ल मां' जिंकणारा तोच सहनशक्ती शर्यतींचा जगज्जेता.

वस्तुस्थिती : फ्रान्समधली 24 तासांची ल मां ही या प्रकारातली सर्वांत प्रतिष्ठेची शर्यत, पण मालिकेतली एक फेरीच. 2014 ची ल मां ऑडीच्या लोटेरर, फेस्लर आणि त्रेलुये या त्रिकुटाने जिंकली. आठ शर्यतींच्या मालिकेचे जगज्जेतेपद मात्र टोयोटाच्या अँथनी डेव्हिडसन आणि सेबास्टियन बुएमी यांना मिळाले. ल मांमध्ये ते तिसरे होते, पण इतर चार शर्यती त्यांच्या गाडीने जिंकल्या. त्यांचा तिसरा जोडीदार निकोला लापिएर मोसमाच्या मध्यानंतर त्या गाडीत नव्हता, म्हणून गाडी तीच असूनही जेतेपदावर त्याचे नाव नाही.

गैरसमज 4 : एका मालिकेत जेतेपद एकच.

वस्तुस्थिती : चालकाचे आणि गाडी बनवणाऱ्याचे खाते बहुतेक मालिकांत वेगळे असते. अ‍ॅलेक्स मार्केझ होंडावर जगज्जेता झाला, पण मोटोथ्रीचे उत्पादकांचे जेतेपद गेले केटीएमकडे. रॅलीत आणखी एक वाटेकरी असतो. शेजारी बसून वळणांच्या नोंदी वाचून दाखवणारा सहचालक स्वतःच्या नावाने जगज्जेता होतो. फोक्सवॅगन पोलोत ओजिएच्या शेजारी असलेला जुलियन इंग्रासिया 2014 मध्ये तसाच झाला.

गैरसमज 5 : मोसम म्हणजे जानेवारी ते डिसेंबर.

वस्तुस्थिती : विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई मालिका 13 सप्टेंबर 2014 रोजी बीजिंगमध्ये सुरू झाली आणि तिचा पहिला विजेता ठरला जून 2015 मध्ये, लंडनला. नेल्सन पिके ज्युनियरने एका गुणाने बाजी मारली. त्या एका गुणाने हरला तो वर उल्लेख आलेला बुएमी. या पहिल्या मोसमातल्या दहा संघांपैकी एक मुंबईच्या महिंद्रा समूहाचा होता आणि त्याची एक गाडी करुण चंडोक चालवत होता. त्यामुळे 'या खेळाशी आपला काय संबंध' असे म्हणायला तेव्हाही जागा नव्हती.

गैरसमज 6 : रिमोटवरच्या गाड्या हा पोरखेळ. त्यात कसला आलाय जगज्जेता?

वस्तुस्थिती : सर्वांत मोठा गैरसमज हाच. रेडिओ नियंत्रित गाड्यांच्या जागतिक स्पर्धा 'इफमार' ही आंतरराष्ट्रीय संघटना भरवते. 2014 मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे एक अष्टमांश आकाराच्या, मातीवर धावणाऱ्या बग्गींचा जगज्जेता ठरला कॅनडाचा टाय टेसमन. या गाड्यांना बॅटरीवरची मोटर नसते, तर साडेतीन घनसेंटिमीटरचे, मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर चालणारे खरे इंजिन असते. अंतिम शर्यत तासभर चालते. टाकी जेमतेम 125 मिलिलिटरची, त्यामुळे इंधन भरायला गाडी पुन्हा पुन्हा पिटमध्ये आणावी लागते आणि तिथे सेकंद वाया गेले की क्रमांक घसरतो. सगळे चालक एका उंच मंचावर ओळीने उभे असतात. गाडी उलटली तर ती सरळ करायला ट्रॅकच्या कडेला मार्शल असतात. हे काम बहुधा दुसऱ्या फेरीतले स्पर्धकच करतात.

त्याच वर्षी फ्लोरिडातल्या किसिमी इथे एक दशांश आकाराच्या विजेवरच्या टूरिंग कारचे जेतेपद जपानच्या नाओतो मात्सुकुराने मिळवले. तिथे पद्धत निराळी आहे. पाच-पाच मिनिटांच्या तीन अंतिम शर्यती होतात आणि त्यांतल्या उत्तम दोन धरल्या जातात.

इथे वर्षभराची गुणांची बेरीज नसते. महाराष्ट्र केसरीसारखे एका ठिकाणी, ठरावीक दिवसांत सगळे उरकते. शिवाय ही जागतिक स्पर्धा त्या त्या प्रकारात साधारण दोन वर्षांनी येते. म्हणूनच बग्गीचा पुढचा जगज्जेता, स्वीडनचा डेव्हिड रोनेफाल्क, 2016 मध्ये लास वेगासला ठरला. हॅमिल्टनला वर्षभरात 19 शर्यती मिळाल्या, एखादी बिघडली तरी पुढची होती. टेसमनकडे चुकीची भरपाई करायला पुढचा महिना नव्हता.

तेव्हा 'अमुक जगज्जेता मोठा की तमुक' असा वाद रंगला, तर आधी त्याच्या मालिकेत शर्यती किती, गुण कसे आणि जेतेपद कोणाच्या नावावर लागते, एवढे विचारून घ्या. निम्मे वाद तिथेच मिटतील, आणि उरलेल्या निम्म्यांत निदान बोलायला काही मुद्दा असेल.