पाऊस पडला तर… : माओरी भाषेतील जर-तर

‘उद्या पाऊस पडला तर मी घरी राहीन.’ या वाक्यात काही खटकतं का? पाऊस उद्याचा, क्रियापद मात्र ‘पडला’, म्हणजे होऊन गेलेल्या गोष्टीचं. जन्मभर मराठी बोलूनही ही गंमत माझ्या ध्यानात आली नव्हती. पन्नाशीत न्यूझीलंडच्या माओरी भाषेत हेच वाक्य जुळवायला बसलो, तेव्हा ती आली. शिकवायला कोणी नव्हतं. ब्रूस बिग्ज यांचं १९६९ सालचं ‘लेट्स लर्न माओरी’, एक शब्दकोश आणि वही, एवढंच भांडवल.

माओरी लिहायला देवनागरी बरीच सोयीची आहे. आपल्या मुळाक्षरांत नुसताच हजेरी लावणारा ‘ङ’ तिथे रोजच्या बोलण्यात असतो. फक्त शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळायचा नाही, पूर्ण उच्चारायचा. क्रियापद तर फारच सरळ: पुरुष, लिंग, वचन, काळ यांपैकी कशानेही ते बदलत नाही. काळ सांगण्याचं काम त्याच्या आधी येणारा एखादा छोटा शब्द करतो. एवढं सोपं प्रकरण पाहून मला वाटलं, जर-तर आठवड्यात आटपेल.

पहिलं वाक्य हे:

कि ते उअ आपोपो, क नोहो अउ कि ते काइङ.

‘उअ’ म्हणजे पाऊस पडणे, ‘आपोपो’ उद्या, ‘नोहो’ राहणे, ‘अउ’ मी, ‘काइङ’ घर. आता ‘कि ते’ पाहा. शेवटी ते ‘घरी’मधल्या प्रत्ययाचं काम करतं. सुरुवातीचं ‘कि ते’ मात्र ‘जर’ आहे. त्यात भर म्हणजे ‘उअ’ हे ‘पाऊस’ असं नामही आहे. म्हणून कितीतरी दिवस मी या वाक्याची सुरुवात ‘पावसाकडे’ अशी वाचत होतो आणि पुढे अर्थ का लागत नाही म्हणून डोकं खाजवत होतो. वाक्याच्या आरंभी ‘कि ते’ आणि लगेच क्रियापद आलं, की जरचा संशय घ्यायचा, ही खूणगाठ मी नंतर बांधली.

दुसरी अडचण माझ्या मराठीपणाची. आपण ‘जर’ खुशाल गाळतो, पण ‘तर’ला सहसा हात लावत नाही, वाक्याची बिजागरी तीच. माओरीत नेमकं उलट. ‘जर’ आधी येऊन उभा राहतो आणि ‘तर’साठी वेगळा शब्दच लागत नाही. उत्तरार्ध ‘क’ने सुरू झाला, की ऐकणाऱ्याला कळतं, आता परिणाम येतोय.

‘कि ते’ हा जर अजून न घडलेल्या, पण घडू शकणाऱ्या गोष्टीचा. या क्षणी एखादी गोष्ट आहे की नाही, एवढाच प्रश्न असेल तर ‘मेना’ येतो:

मेना केइ ते मकरिरि कोए, कतिअ ते मतपिहि.

‘तुला थंडी वाजत असेल, तर खिडकी लाव.’ इथे भविष्याचा प्रश्न नाही. थंडी वाजतेय किंवा नाही. बोलणाऱ्याला ते ठाऊक नाही, इतकंच. ही वाटणी काटेकोर नाही, ‘मेना’ भविष्याकडेही झुकतो. पण शिकणाऱ्याने आधी हा भेद धरावा.

तिसरा जर दार बंद झाल्यानंतरचा:

मेहेमेअ इ उअ इनानहि, कुअ नोहो अउ कि ते काइङ.

‘काल पाऊस पडला असता, तर मी घरी राहिलो असतो.’ पाऊस पडला नाही, मी राहिलो नाही. ‘मेहेमेअ’ म्हणजे जर, ‘इ’ भूतकाळाची खूण, ‘इनानहि’ काल. गंमत आहे ‘कुअ’मध्ये. एरवी हा शब्द काम पुरं झाल्याचं सांगतो; ‘कुअ नोहो अउ’ एवढंच म्हटलं, तर ‘मी राहिलो आहे’. तेच रूप इथे कधीच न घडलेल्या गोष्टीला दिलंय. मग मला आपलं ‘पडला तर’ आठवलं. न झालेल्याची कल्पना करायला दोन्ही भाषा झालेल्याचं रूप उसनं घेतात. आपण ते उद्यासाठी घेतो, माओरी निसटून गेलेल्या कालसाठी.

नकार हवा असेल तर ‘कोरे’. माओरी सृष्टिकथेत प्रकाशापूर्वी अंधार आणि अंधारापूर्वी ‘ते कोरे’ म्हणजे शून्य आहे. तोच हा शब्द. ‘कि ते कोरे’ म्हणजे ‘जर नाही’, आणि ‘मेइ कोरे’ म्हणजे ‘नसता तर’.

या दोन रूपांचा सराव करताना या भाषेचाच इतिहास वहीत उतरला. १८६७च्या कायद्याने माओरी मुलांच्या सरकारी शाळांतून इंग्रजीचा आग्रह सुरू झाला. पुढे कित्येक मुलांनी शाळेत माओरी बोलल्याबद्दल मार खाल्ला. १९७२च्या सप्टेंबरात तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेत पोचला: शाळांतून माओरी शिकवा. १९८२मध्ये वेलिंग्टनजवळच्या वाइनुइओमाता इथे पहिलं ‘कोहङ रेओ’, म्हणजे भाषेचं घरटं, सुरू झालं. शाळेत जाण्याआधीची मुलं तिथे वडीलधाऱ्यांच्या तोंडून माओरी ऐकत वाढू लागली. १९८७मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली.

मी वहीत लिहिलं:

मेइ कोरे ङा कोहङ रेओ, कुअ ङरो ते रेओ.

भाषेची घरटी नसती, तर भाषा हरवली असती. त्याखाली दुसरं वाक्य:

कि ते कोरे ते रेओ ए कोरेरोतिअ, क ङरो.

भाषा बोलली नाही, तर हरवेल. हरवण्याचा शब्द दोन्हीकडे एकच, ‘ङरो’. त्याच्या आधी एकीकडे ‘कुअ’ आहे, दुसरीकडे ‘क’. पहिलं संकट टळलेलं आहे. दुसऱ्याचा निकाल अजून लागायचा आहे, आणि तो बोलणाऱ्यांच्या हातात आहे.