वीस केबीत मावलेली माणसं

बारावीचा निकाल लागला की जाफराबादच्या तहसील परिसरात फायली घेतलेली पोरं दिसू लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, वय-अधिवास, नॉन-क्रिमीलेअर. माहोऱ्याहून, टेंभुर्णीहून आलेल्या मुलाला सेवा केंद्रात कागदांच्याही आधी विचारलं जातं, "फोटो किती केबीचा आहे?" 'आपले सरकार' पोर्टलला अर्जदाराचा फोटो १६० पिक्सेल रुंद, २०० ते २१२ पिक्सेल उंच आणि ५ ते २० केबीचा लागतो. मुलाच्या मोबाइलमधला फोटो असतो ३००० बाय ४००० चा, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेलांचा. त्यातले ३२ हजार शिल्लक राहतात आणि दाखल्यावर चेहरा उमटतो.

फोटो बारीक करण्याच्या या कामाचा इतिहास तालुक्याच्या गावांत कुणी लिहून ठेवला नाही. तो लिहायला हवा, कारण एका पिढीचे चेहरे त्यातून गेले आहेत.

रोलच्या काळात मापाचा प्रश्न कटरवर सुटायचा. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटर कापायचा, अर्जावर चिकटवायचा, साहेबांचा शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर पडायचा. निगेटिव्ह स्टुडिओवाल्याकडे पाकिटात नंबर टाकून राहायची. चार वर्षांनी कुणी मोठी प्रत मागायला आलं तरी ती निघत असे.

फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं. थॉमस आणि जॉन नॉल या दोन भावांनी ते घडवलं. आपल्या विषयाची सुरुवात मात्र १९९६ च्या चौथ्या आवृत्तीपासून होते, कारण 'ॲक्शन' त्यात आली. एकदा रेकॉर्डचं बटण दाबून काम करायचं. प्रत्येक पायरी क्रमानं नोंदली जाते आणि पुढच्या फोटोला तेच सगळं एका कळीवर होतं. छोट्या गावांतल्या स्टुडिओंना हे हत्यार खऱ्या अर्थानं सापडलं ते २००२ च्या सातव्या आवृत्तीत. डिजिटल कॅमेरा आणि जुना संगणक एवढ्यावर दुकान चालू लागलं, आणि पासपोर्टची ॲक्शन हा त्या दुकानाचा कणा झाला. ३०० रिझोल्युशनला क्रॉप, उजेड थोडा वर, कडेला काळी बारीक रेघ, मग त्या फोटोचा पॅटर्न करून चार बाय सहा इंचाच्या पानावर भरायचा. आठ फोटो तयार. गिऱ्हाइकाच्या चपला दाराबाहेर असतानाच प्रिंटर चालू व्हायचा.

या ॲक्शनमधली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. प्रत्येक पायरीशेजारी एक छोटा चौकोन असतो. तो लावला की ॲक्शन त्या पायरीवर थांबते आणि माणसाला विचारते. जाणता ऑपरेटर क्रॉपच्या पायरीला तो चौकोन हमखास लावायचा. फेटा बांधलेले आजोबा, डोक्यावर पदर घेतलेली आजी, मांडीवर धरलेलं तान्हं बाळ, या सगळ्यांच्या डोक्यावर एकाच मापाची जागा सोडून भागत नाही. ज्यानं तो चौकोन लावला नाही त्याच्या फोटोंत फेट्यांचे शेंडे कापले गेले.

ऑनलाइन अर्ज आले आणि माप ठरवण्याचा हक्क दुकानाकडून पोर्टलकडे गेला. प्रत्येक पोर्टलचं माप वेगळं. बँकांच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसला फोटो २०० बाय २३० पिक्सेलांचा आणि २० ते ५० केबीचा, सही १४० बाय ६० ची आणि १० ते २० केबीची. पासपोर्टच्या साडेतीन-साडेचारच्या चौकटीतला फोटो न कापता थेट २०० बाय २३० मध्ये ओढला तर चेहरा सुमारे १२ टक्के रुंद होतो. अशी पसरट तोंडं किती प्रवेशपत्रांवर छापली गेली! घाईत रेकॉर्ड केलेल्या ॲक्शनमध्ये प्रमाण राखण्याची खूण काढलेली असली की पुढचा प्रत्येक उमेदवार त्याच साच्यातून जायचा.

केबीचा घोळ त्याहून अवघड. पिक्सेल ठरवता येतात, वजन तसं ठरवून मिळत नाही. जेपेग पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे तुकडे करते आणि सपाट रंगाचा तुकडा थोडक्यात लिहून टाकते. म्हणून पांढऱ्या पडद्यापुढचा साधा शर्ट हलका राहतो आणि बारीक नक्षीच्या साडीचा फोटो त्याच ॲक्शनमधून जड निघतो. शिवाय नेहमीच्या 'सेव्ह ॲज'नं फाईल ठेवली तर कॅमेऱ्याची माहिती आणि छोटं पूर्वचित्रही तिच्यात राहतं. १६० बाय २०० चा फोटो २० केबीत का बसत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असायचं. १९९९ पासून फोटोशॉपमध्ये असलेलं 'सेव्ह फॉर वेब' हा भार काढून टाकू शकतं आणि हव्या त्या केबीपर्यंत फाईल खाली आणतं. हे ज्याला ठाऊक होतं त्याच्या टेबलासमोर रांग लवकर सरकायची.

मग शाळा आल्या. ओळखपत्रांसाठी वर्गच्या वर्ग फोटो काढून एका फोल्डरवर 'बॅच' लावायचा. सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं असं माझं मत आहे. बॅचमध्ये 'सेव्ह अँड क्लोज' निवडलं की बारीक केलेला फोटो मूळ फोटोच्या जागी बसतो आणि मूळ फोटो जातो. २००५ मध्ये आलेला 'इमेज प्रोसेसर' बारीक फाईली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, मूळ फोटोला हात लावत नाही आणि उभा-आडवा कसाही फोटो असला तरी प्रमाण सांभाळतो. तो मेन्यूत समोर असूनही कित्येकांनी कधी उघडला नाही. हार्ड डिस्क लहान होती, काम उरकायचं होतं, आणि पोर्टलनं स्वीकारलेली फाईल हीच खरी फाईल वाटू लागली.

त्याची किंमत घरात कुणी गेल्यावर कळते. भिंतीवर लावायला आठ बाय दहा इंचाचा फोटो हवा असतो आणि म्हाताऱ्या माणसाचा एकुलता एक नीट फोटो निराधार योजनेच्या अर्जाला जोडलेला असतो. १६० बाय २०० चा फोटो त्या फ्रेमच्या चौकटीत अगदी तंतोतंत बसतो, पण इंचाला फक्त २० पिक्सेल येतात. चांगल्या प्रिंटला ३०० लागतात. ॲडोबीनं २०२१ मध्ये आणलेलं 'सुपर रिझोल्युशन' लांबी-रुंदी दुप्पट करतं, म्हणजे इंचाला ४०. त्यापुढची यंत्रं चेहरा लख्ख करून देतात, पण त्या सुरकुत्या आणि पापण्या यंत्राच्या अंदाजाच्या असतात. मुलगा फोटोकडे बघतो आणि म्हणतो, "बाबांसारखेच दिसतात, पण बाबा नाहीत."

२०२४ पासून स्टाफ सिलेक्शन कमिशन अर्ज भरताना उमेदवाराचा फोटो जागेवरच कॅमेऱ्यानं घेऊ लागलं. हळूहळू बारीक करण्याचं काम पोर्टलच करेल आणि स्टुडिओच्या ॲक्शन निरुपयोगी होतील. तोवर ज्यांच्या संगणकावर त्या चालू आहेत त्यांना एवढंच सांगणं आहे: ॲक्शनची पहिली पायरी 'डुप्लिकेट'ची ठेवा, मूळ फोटो सालवार फोल्डरमध्ये राहू द्या, आणि गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, कारण फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲपही तो आपल्या परीनं बारीक करतं.