व्हीलचेअरची बंद बॅटरी

विजेवर चालणाऱ्या बहुतेक व्हीलचेअरच्या आसनाखाली १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असतात. त्यामुळे मोटारींना २४ व्होल्टचा दाब मिळतो. या बॅटऱ्या प्रामुख्याने शिसे आणि गंधकाम्लाच्या असून त्यांचे मूळ तत्त्व १८५९ मध्ये फ्रान्समधील गास्ताँ प्लांते यांनी दाखवून दिले.

साध्या शिसे-आम्ल बॅटरीत आम्ल मोकळे असते. चार्जिंग होताना त्यातील पाण्याचे विघटन होऊन वायू निघून जातात, म्हणून अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. आसनाखाली, माणसाच्या इतक्या जवळ, आम्ल सांडण्याचा धोका पत्करता येत नाही. म्हणून येथे बंद, म्हणजेच सीलबंद, बॅटरी वापरतात. तिच्यात आम्ल दोन प्रकारे धरून ठेवलेले असते. ‘एजीएम’ प्रकारात काचतंतूंची चटई ते शोषून घेते, तर ‘जेल’ प्रकारात सिलिका मिसळून ते घट्ट केलेले असते. धन पट्टीवर तयार झालेला ऑक्सिजन ऋण पट्टीपर्यंत पोहोचतो आणि त्याचे पुन्हा पाणी होते. तरीही दाब फार वाढल्यास वायू बाहेर पडावा म्हणून झडप असते. चार्जिंगची जागा हवेशीर हवी ती यासाठीच.

मोटारगाडीची बॅटरी येथे चालत नाही. इंजिन सुरू करताना ती काही सेकंद प्रचंड प्रवाह देते. व्हीलचेअरला मात्र तासन्‌तास वीज पुरवणारी, जाड पट्ट्यांची बॅटरी लागते. ५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्यांत मिळून सुमारे १.२ युनिट वीज साठते. पण ती पूर्ण संपवणे बॅटरीला घातक असते. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, तर पट्ट्यांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात आणि क्षमता कायमची घटते. म्हणून वापराच्या दिवशी रात्री ती पूर्ण चार्ज करणे हिताचे. ‘पूर्ण संपल्यावरच चार्ज करा’ हा जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांबाबतचा सल्ला येथे लागू पडत नाही.

चार्जर बॅटरीच्या प्रकाराला साजेसा हवा. चार्जिंगचा विद्युतदाब जास्त झाल्यास जेलमध्ये पोकळ्या पडतात, आणि गेलेले पाणी बंद बॅटरीत पुन्हा भरता येत नाही. सततची उष्णताही आयुष्य घटवते. बॅटऱ्या बदलताना दोन्ही एकदमच बदलाव्यात, कारण जुनी कमजोर बॅटरी नवीलाही मागे ओढते. निकामी बॅटरी भंगारात फोडू न देता विक्रेत्याकडे परत करावी. तिच्यातील शिसे विषारी असते, पण ते वितळवून नव्या बॅटरीसाठी वापरता येते.