शिक्का मारून दिला, आणि फसलो मीच

आज मार्केटिंग नाही, विक्री नाही. आज माझ्या एका चुकीबद्दल बोलू.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी माझ्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात आली. हातात कॉलेजचं पत्र आणि छापील प्रमाणपत्र. "सर, फक्त सही-शिक्का पाहिजे. ट्रेनिंगचं आहे." काउंटरवर गर्दी होती. मी न वाचता शिक्का मारला. खरं सांगू? बीबीए करताना माझ्या प्रोजेक्टवरही काकांच्या ओळखीच्या एका डीलरने असाच शिक्का मारला होता. म्हटलं, चालतंय.

सहा महिन्यांनी तीच मुलगी माझ्याकडे नोकरी मागायला आली. मी खरेदीचं बिल पुढे ठेवलं आणि विचारलं, "हा पंखा आपल्याला नगाला कितीला पडला?" तिने छापलेला दर सांगितला. डिस्काउंटची ओळ वजा करायची, ट्रान्सपोर्टचं भाडं वाटून धरायचं, जीएसटीचं इनपुट मिळतं म्हणून तो धरायचा नाही, यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. आणि तिच्या फाईलमध्ये माझ्याच दुकानाचं प्रमाणपत्र! काय बोलणार? ठेवून घेतली. शिकवायला दोन महिने गेले, पगार माझ्या खिशातून.

आता जरा नियम समजून घ्या, कारण बऱ्याच दुकानदारांना हे कोणी सांगतच नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार 2023 मध्ये राज्याने पदवीची जी क्रेडिट रचना ठरवली, तिच्यात ऑन-जॉब ट्रेनिंग अभ्यासक्रमातच आहे. अशा कामाचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास. 4 क्रेडिट असतील तर 120 तास. रोज चार तास धरले तर पूर्ण महिनाभर मुलगा तुमच्या दुकानात. कागदावर हे उत्तम आहे. पण मोठ्या कंपन्या किती मुलं घेणार, आणि तालुक्याच्या गावात कंपन्या आहेत कुठे? इथे मालक म्हणजे आपणच. मेडिकलवाला, हार्डवेअरवाला, कृषी सेवा केंद्रवाला.

म्हणून गेल्या वर्षी मी स्वतः कॉलेजात गेलो. विभागप्रमुख मॅडमना म्हटलं, पत्र मार्चमध्ये नको, दिवाळीच्या आधी द्या. मुलगा रोज काय शिकला ते वहीत लिहील, मी सही करीन. आणि तुमच्या एका प्राध्यापकांनी एकदा दुकानात येऊन बघायचं. पहिल्या दोन गोष्टी लगेच मान्य झाल्या. तिसरीला महिना लागला. प्राध्यापकांवर आधीच कामाचा डोंगर असतो, त्यांचंही बरोबर आहे. पण सर आले, तासभर काउंटरमागे बसले आणि जाताना खरेदीच्या दहा बिलांच्या झेरॉक्स वर्गात शिकवायला घेऊन गेले. मला विचाराल तर त्या तासाभरात सगळ्यात जास्त फायदा झाला.

मुलं दोन होती. पहिला आठवडा नुसती स्टॉकची मोजणी, वैतागली बिचारी. मग एकाने माळ्यावर वॉरंटीत बदलून घ्यायच्या बल्बचे खोके शोधले. गिऱ्हाइकाला मी नवीन दिले होते, पण डिस्ट्रिब्यूटरकडे जुने पाठवलेच नव्हते! काहींची मुदतही गेली होती. त्याने बॅच नंबरप्रमाणे यादी केली, आणि बरेचसे बदलून आले. दुसऱ्याला उधारीची वही दिली. फोन करताना त्याची बोबडी वळायची. शेवटच्या आठवड्यात मात्र तो वसुलीची तारीख घेऊनच फोन ठेवायचा.

मुलांना फुकट राबवू नका हं. मी जाण्यायेण्याचा खर्च आणि चहा-नाश्ता दिला. पदवीनंतर वर्षभर कोणी हवं असेल तर अप्रेंटिसशिपचा रस्ता आहे. 30 किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक, 4 ते 29 असतील तर ऐच्छिक. नॅट्स योजनेत ठरलेल्या किमान स्टायपेंडचा निम्मा भाग केंद्र सरकार देतं. माझ्याकडे मला धरून पाच माणसं. सीएला विचारलंय, मोजणीत मालक धरतात का ते.

यंदा कॉलेजचं पत्र ऑगस्टमध्येच आलं, सहा नावं घेऊन. मला दोघंच झेपतात. उरलेल्या चौघांसाठी शेजारच्या हार्डवेअरवाल्या शेठना घेऊन सोमवारी कॉलेजात जातोय. शेठ आत्तापासूनच विचारतायत, "शिक्का बरोबर घेऊ का?"