जुन्या ऑक्टाव्हिया आरएसमधील गिअरदोषांचे निदान

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले की शेंद्रा औद्योगिक वसाहत लागते. शहराचे नाव औरंगाबाद होते त्या काळात, 2001 साली, तेथील स्कोडाच्या कारखान्यात ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली. तिची आरएस ही वेगवान आवृत्ती 2004 साली भारतीय बाजारात आली. 1.8 लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, 150 अश्वशक्ती आणि हाताने बदलायचे पाच गिअर हे तिचे वैशिष्ट्य होते. काटेकोर अर्थाने ही पाच आसनी कौटुंबिक मोटारच. तरीही वेगाच्या चाहत्यांनी तिला स्पोर्ट्स कारचा मान दिला आणि तो योग्यच होता. त्या काळच्या गाड्या आता वीस वर्षांच्या झाल्या आहेत. या वयाच्या गाडीत गिअर अडू लागला की गिअरपेटी उतरवण्याची घाई होते. बहुतेक वेळा दोष पेटीबाहेर असतो, म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

गिअर बदलताना दोन क्रिया एकामागून एक घडाव्या लागतात. क्लचने इंजिनाला पेटीपासून पूर्णपणे अलग करायचे आणि मग जोडल्या जाणाऱ्या भागांचे फेरे समान व्हायचे. दुसरे काम समगतीकारक कडी, म्हणजेच सिंक्रो रिंग, करते. ही सामान्यतः पितळी कडी गिअरच्या शंकूवर घासून त्याचा वेग जुळवते आणि तो जुळेपर्यंत दात एकमेकांत शिरू देत नाही. ही रचना कॅडिलॅकने 1928 साली मोटारींत आणली. त्यापूर्वी चालकाला क्लच दोनदा दाबून वेग स्वतःच जुळवावा लागे आणि ते कौशल्य अंगी बाणवायला बराच काळ जाई.

निदानाची पहिली परीक्षा फुकट आहे. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सर्व गिअर टाकून पाहावेत. दात समोरासमोर आल्यामुळे एखादा गिअर अडला तर गाडी किंचित पुढे-मागे ढकलून पुन्हा प्रयत्न करावा. बंद इंजिनावर गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनावर अडतात, असे दिसले तर क्लच पूर्ण सुटत नाही असा संशय धरावा. दोन्ही स्थितींत सारखाच अडथळा असेल, तर लीव्हरपासून पेटीपर्यंतची जोडणी आधी तपासावी.

क्लच न सुटण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतले सर्वांत साधे म्हणजे पायाखाली सरकलेली जाड मॅट. पेडल तळापर्यंत जातच नसेल तर पुढची सारी तपासणी व्यर्थ होय. त्यानंतर द्रवप्रणालीकडे वळावे. या गाडीचा क्लच ब्रेकच्याच टाकीतून तेल घेतो. क्लचची नळी टाकीच्या वरच्या भागातून निघते. त्यामुळे क्लचकडून गळती झाली तरी ब्रेकसाठी काही तेल राखून राहते. दूरदृष्टीने केलेली ही योजना आहे. पेडल दोन-तीनदा भराभर दाबल्यावर गिअर सुलभ पडू लागला, तर नळीत हवा शिरली आहे किंवा मास्टर सिलिंडरची सील आतून तेल सोडते आहे असे समजावे. पेडलाजवळचा ओलावा मास्टर सिलिंडरची गळती सांगतो, तर पेटीवर बाहेरून बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरचा ओला रबरी बूट त्याची. ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलून हवा काढणे इष्ट. यानंतरही क्लच सुटत नसेल तर प्लेट, प्रेशर प्लेट किंवा रिलीज बेअरिंग यांचा विचार करावा.

लीव्हरकडून पेटीकडे दोन केबल जातात. एक डावी-उजवी हालचाल पोहोचवते, दुसरी पुढची-मागची. त्यांच्या टोकांचे बुश झिजले की लीव्हर सैल लागतो आणि पहिल्याऐवजी तिसरा गिअर पडतो. लीव्हर आणि पेटीवरील दांडा दोन्ही ठरलेल्या स्थितीत अडकवून केबल पुन्हा जुळवता येतात. कित्येकदा एवढ्यावर तक्रार मिटते. इंजिनाचे रबरी माउंट तुटले असेल तर वेग घेताना पेटी हलते आणि केबलची जुळणी बिघडल्यासारखी भासते.

केवळ सकाळी, गाडी थंड असताना गिअर जड जात असतील आणि काही किलोमीटरनंतर मोकळे होत असतील, तर गिअर ऑइल पाहावे. थंड तेल घट्ट असते आणि कडीला ते शंकूवरून बाजूला सारायला वेळ लागतो. मराठवाड्यातील हिवाळी पहाटे हा फरक स्पष्ट जाणवतो. तेल निवडताना पातळपणाइतकीच प्रतही पाहावी. जीएल-5 प्रतीच्या कित्येक तेलांतील गंधकयुक्त रसायने पितळाला मारक ठरतात, तर काहींच्या निसरडेपणामुळे कडीला आवश्यक घर्षण मिळत नाही. म्हणून निर्मात्याने सांगितलेलेच तेल भरावे.

एकाच गिअरला खरखर होत असेल आणि बाकीचे निर्दोष असतील, तर मात्र त्याच गिअरची कडी झिजली असण्याचा संभव अधिक. बहुधा पाळी दुसऱ्या गिअरची असते, कारण पहिला आणि दुसरा यांच्या गतिगुणोत्तरांत मोठे अंतर असते आणि शहरात हाच बदल वारंवार होतो. अशा वेळी पेटी उतरवावी लागते. ती उतरलीच असेल तर क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग आणि क्रँकशाफ्टची मागील सील त्याच वेळी पाहून घ्यावीत आणि दुहेरी फ्लायव्हीलच्या दोन चकत्या हाताने फिरवून त्यांच्यातील ढिलाई तपासावी.