संशोधनासाठी विद्यापीठाची निवड आणि पूर्वतयारी

पदव्युत्तर परीक्षेचा निकाल लागल्यानंतर पुढे पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो ‘कोठे?’ हा. विद्यापीठाचा लौकिक, राहण्याची सोय, आधी गेलेल्या मित्रांचे सांगणे यांवरून बहुधा त्याचे उत्तर ठरविले जाते. वास्तविक हा प्रश्न शेवटी विचारावयाचा आहे. शोध कशाचा घ्यावयाचा, त्याची साधने कोठे आहेत, मार्गदर्शन कोण करणार आणि काम पुरे होईपर्यंत निर्वाह कसा चालणार, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली म्हणजे विद्यापीठाची निवड पुष्कळशी आपोआप होते. हा क्रम उलटा झाला, तर उमेदीची दोन-तीन वर्षे खर्ची पडल्यावर चूक ध्यानात येते.

प्रथम विषय आणि साधने यांचा विचार करू गेल्यास मराठ्यांच्या इतिहासाचे उदाहरण बोलके ठरेल. ‘मराठ्यांचा इतिहास’ हा विषय नव्हे, ते क्षेत्र आहे. अठराव्या शतकातील महसूलव्यवस्थेचा अभ्यास करावयाचा असेल, तर पुण्यातील पेशवे दप्तराला पर्याय नाही, आणि त्यासाठी मोडी लिपी अस्खलित वाचता आली पाहिजे. तंजावरच्या भोसले राजवटीचा शोध घेणाऱ्यास सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रांकडे वळावे लागेल. मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांवर लिहिणाऱ्यास पणजीचे पुराभिलेखागार व लिस्बन येथील संग्रह टाळता येत नाहीत, आणि पोर्तुगीज भाषेवाचून त्यांचा उपयोगही करून घेता येत नाही. तिन्ही उमेदवार एकाच विषयाचे पदवीधर असले, तरी त्यांना सोयीची विद्यापीठे एक नव्हेत. विज्ञानशाखांत दप्तरांची जागा उपकरणे घेतात. अपेक्षित यंत्र विभागात आहे की त्यासाठी दुसऱ्या संस्थेत पाळी लावावी लागते, याची चौकशी प्रवेशापूर्वीच केलेली बरी.

दुसरा विचार मार्गदर्शकाचा. येथे केवळ नावाचा दबदबा पाहून भागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांनुसार प्राध्यापकास एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व सहायक प्राध्यापकास चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. ज्यांच्या निवृत्तीस तीन वर्षांहून कमी अवधी उरला आहे, त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा मनात धरलेल्या मार्गदर्शकाकडे जागा आहे काय आणि ते आणखी किती वर्षे सेवेत आहेत, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. मार्गदर्शक विद्यार्थ्यांना वेळ देतात काय, मसुदे किती दिवसांत वाचून परत करतात, ही माहिती मात्र त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या विद्यार्थ्यांकडूनच मिळते. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर भारतातील विद्यापीठांचे प्रबंध वाचावयास मिळतात. संबंधित मार्गदर्शकांच्या विद्यार्थ्यांचे दोन प्रबंध तेथे वाचून पाहिले, तर कामाचा दर्जा आणि पद्धती यांची बरीच कल्पना येते.

मार्गदर्शकाच्या संदर्भात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. ती म्हणजे मतभेदाला असलेली जागा. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिन येथे मानववंशशास्त्राच्या अभ्यासासाठी गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांनी त्यांना मानवी कवटीच्या दोन बाजूंमधील असमानता हा विषय दिला. या असमानतेचा संबंध वंशाशी जोडता येईल आणि त्यातून युरोपीयांचे श्रेष्ठत्व दिसून येईल, अशी फिशर यांची धारणा होती. प्रत्यक्ष मोजमापांत असा संबंध आढळला नाही, आणि इरावतीबाईंनी तोच निष्कर्ष प्रबंधात मांडला. पदवी त्यांना मिळाली. पुराव्याने मार्गदर्शकाचे मत खोडले गेले तर काय घडते, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून विभागाची पारख होते. जेथे आजवरच्या प्रत्येक प्रबंधाचा निष्कर्ष मार्गदर्शकाच्या ग्रंथाशी तंतोतंत जुळतो, तेथे जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

तिसरा विचार काळ आणि द्रव्य यांचा होय. याबाबत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेतील घटना उद्‍बोधक आहेत. बडोदे संस्थानची तीन वर्षांची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. १९१५ मध्ये एम.ए. झाल्यावर १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये काम अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. परतण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची अनुमती विद्यापीठाकडून मिळविली होती. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून, बचत करून व कर्ज काढून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, आणि १९२३ मध्ये डी.एस्‌सी. झाले. कोलंबियाची पीएच.डी. तर त्यांना १९२७ मध्ये प्रदान झाली. असामान्य बुद्धी आणि अविश्रांत परिश्रम असूनही द्रव्याची मुदत व कामाची मुदत यांचा मेळ बसला नाही म्हणजे काय सोसावे लागते, हे यावरून दिसते. त्याचबरोबर, खंड पडणार हे दिसताच परतीची वाट विद्यापीठाच्या अनुमतीने खुली ठेवावी, हेही दिसते.

आज हा हिशेब आकड्यांत मांडता येतो. वरील विनियमांनुसार पीएच.डी.चा किमान काळ तीन वर्षांचा व कमाल सहा वर्षांचा आहे. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात, व महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेले विद्यार्थी यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. महिलांना संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती अथवा बालसंगोपन रजा घेता येते. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मात्र एकूण पाचच वर्षांची असते. जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये ठरविण्यात आली. सहाव्या वर्षाचा खर्च कोठून निघणार, याचे उत्तर पहिल्या वर्षीच शोधावयास हवे. ज्याच्यापाशी अधिछात्रवृत्ती नाही, त्याच्या दृष्टीने तर हा प्रश्न पहिल्या महिन्यापासूनचा आहे.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्याने तेथील पद्धतींतील भेद ओळखावा. अमेरिकेत प्रवेश बहुधा विभागात मिळतो. आरंभीची वर्षे अभ्यासक्रमात जातात आणि मार्गदर्शक व विषय पुढे निश्चित होतात. तेथे एकाच व्यक्तीवर भिस्त ठेवण्यापेक्षा विभागात आपल्या विषयाचे दोन-तीन जाणकार असणे हिताचे. ब्रिटनमध्ये विषयाचा आराखडा व मार्गदर्शक प्रवेशाच्या वेळीच ठरतात आणि तीन-चार वर्षांत प्रबंध अपेक्षित असतो. म्हणून ज्याचा प्रश्न अद्याप निश्चित झालेला नाही त्याला पहिली पद्धती सोयीची, आणि ज्याची तयारी पुरी आहे त्याला दुसरी.

उरला प्रश्न पूर्वतयारीचा. निकाल आणि प्रवेश यांच्यामधील महिने बहुधा प्रतीक्षेत जातात. याच काळात विषयाला लागणारी लिपी, भाषा अथवा सांख्यिकीसारखे साधन हस्तगत करून घ्यावे, कारण नोंदणी झाल्यावर मुदतीचे घड्याळ सुरू होते. नियोजित विषयावर चार-पाच पानांचे टिपण लिहून जाणत्याकडून तपासून घ्यावे. आपला प्रश्न एका वाक्यात मांडता येत नसेल, तर तो अजून कच्चा आहे असे समजावे. वाचलेल्या प्रत्येक ग्रंथाची व दप्तराची पृष्ठांकासह नोंद ठेवण्याची सवय आरंभापासून लावावी. प्रबंध लिहितेवेळी शेकडो संदर्भ नव्याने शोधण्यात कित्येक महिने जातात.

इतका विचार केल्यावर कदाचित मोठ्या नावाचे विद्यापीठ सोडून तुलनेने लहान विभागात जाण्याचा निर्णय घ्यावा लागेल. घरच्या मंडळींना तो पटवून देणे सोपे नसते. परंतु साधने जवळ, मार्गदर्शक तत्पर आणि निर्वाहाची निश्चिती असेल, तर तेथे काम पुरे होण्याचा संभव अधिक. आणि पुरा झालेला प्रबंधच पुढे विद्यार्थ्याची खरी ओळख ठरतो.