अंबरनाथला मेडिकल कॉलेज आलं, पण सर्जन कधी येणार?

बदलापूर : बारवी धरणाचं पाणी खाली अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरला जातं. धरणाच्या वरच्या अंगाच्या गावांत कुणाचं अपेंडिक्स दुखलं, हर्निया अडकला, की माणूसही त्याच वाटेने खाली येतो. आधी ग्रामीण रुग्णालय, तिथून चिठ्ठी घेऊन उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, केस मोठी असली तर कळवा नाहीतर मुंबई.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं पंतप्रधानांच्या हस्ते ऑनलाइन उद्घाटन झालं. त्यात अंबरनाथही आहे. आता डॉक्टरांची ददात मिटली, असं कुणालाही वाटेल. पण वर्षांचा हिशेब मांडून बघा.

पहिल्या तुकडीचं शिक्षण साडेचार वर्षांचं, पुढे एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे २०३० उजाडलं. तेव्हा हातात एमबीबीएस असेल, पण सर्जन व्हायला एमएस लागतं, त्याची आणखी तीन वर्षं. सरकारी कॉलेजात शिकल्याबद्दल बंधपत्राची सेवा आहेच, शिवाय पीजीच्या नीटमध्ये एखादं वर्ष गेलं तर ते वेगळंच. २०३३-३४ च्या आत या तुकडीतला सर्जन मिळत नाही. कलमी आंबासुद्धा याच्या निम्म्या वेळात फळाला येतो! त्यातले किती जण सर्जरी घेतील, हा पुन्हा निराळा प्रश्न.

उलट सुरुवातीला नवं कॉलेजच सर्जन मागतं. शिकवायला प्राध्यापक, सहयोगी आणि सहायक प्राध्यापक लागतात, आणि एकाच वेळी दहा कॉलेजं उभी राहताहेत. साठा मात्र तोच. केंद्र सरकारच्या ३१ मार्च २०२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत, म्हणजे आपल्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर, गरजेपेक्षा ८३.२ टक्के सर्जन कमी होते. शंभर हवेत तिथे सतराच.

बरं, नुसता सर्जन आणून भागत नाही. भूलतज्ज्ञ नसेल तर मोठं ऑपरेशन होत नाही, रक्ताची सोय नसेल तर कुणी धोका पत्करत नाही. मग आलेला सर्जन ओपीडीत गोळ्या लिहून देत बसतो आणि संधी मिळताच जातो. बंधपत्रावर आलेल्याची तर मुदतच वर्षाची. गावाला त्याचं नाव ठाऊक होईपर्यंत त्याची जायची वेळ झालेली असते.

त्यापेक्षा आधीच सेवेत असलेल्या एमबीबीएस डॉक्टरला पीजीला पाठवणं जास्त टिकाऊ. त्याला तालुका माहीत असतो. राज्याने २०२२ मध्ये अशा सेवेतल्या डॉक्टरांसाठी सरकारी व पालिकेच्या कॉलेजांतल्या पीजीच्या २० टक्के जागा राखीव ठेवल्या. तो आज गेला तरी तीन वर्षांनी सर्जन किंवा भूलतज्ज्ञ होऊन येतो, दहा वर्षं थांबावं लागत नाही.

तालुक्याच्या आमसभेत ‘डॉक्टर कधी देता?’ असं विचारलं की ‘प्रस्ताव पाठवलाय’ एवढंच उत्तर मिळतं. सर्जन आणि भूलतज्ज्ञाची मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यातली बंधपत्रावरची किती आणि त्यांची मुदत कोणत्या महिन्यात संपते, हे लेखी मागता येतं. माहितीच्या अधिकारात अर्जाची फी दहा रुपये आहे.